रविवारचं वाचन

गेल्या आठवड्यात चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, गेले होते. जुन्या चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा तुटला आणि शिवून देणाऱ्यानंच मला हात जोडले, तेव्हा नवी घेण्यावाचून इलाज उरला नाही. हल्ली बहुतेक दुकानांत चपला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून हातात देतात. मी ज्या दुकानात जाते तिथं मात्र अजून पुठ्ठ्याचं खोकं मिळतं. घरी येऊन झाकण उघडलं आणि तो वास आला. तेल पाजलेल्या कातड्याचा, पुठ्ठ्याच्या खळीचा, थोडासा आंबूस, थोडासा उबदार. चपला बाजूला राहिल्या आणि मी रिकाम्या खोक्यात नाक खुपसून जमिनीवर बसून राहिले. कुणी पाहिलं असतं तर बाईंचं काही खरं नाही, असं म्हणालं असतं. पाहायला कुणी नव्हतं.

तुम्हाला जुन्या ग्रंथालयाचा वास म्हटलं की वाळवी, डिंक आणि पिवळा कागद आठवत असेल. मला चपला आठवतात. कारण मी ज्या ग्रंथालयात शिकले ते सगळं चपलांच्या खोक्यांत होतं आणि एका माणसाच्या मालकीचं होतं. राजारामपुरीच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सर राहत. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत रचलेली खोकी. कशावर सात नंबर, कशावर आठ नंबर छापलेला आणि त्याखाली निळ्या शाईत सरांचं बारीक अक्षर. आत पोस्टकार्डाएवढी कापलेली कार्डं, उभी, दाटीवाटीनं. पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, चुकून कुणाच्या गोदामात आलेय.

सर शैलीचे अभ्यासक होते. लेखक काय सांगतो याच्याशी त्यांना जवळपास काही देणंघेणं नसे. तो कसा सांगतो, कुठं थांबतो, कुठं घाई करतो, राग आला की त्याचं वाक्य आखडतं की पसरतं, कोणता शब्द त्याला सोडवत नाही आणि कोणत्या शब्दाला तो कधीच शिवत नाही, यावर त्यांनी उभा जन्म काढला होता. महाविद्यालयात असताना हा विषय शिकवायला कुणी दिला नाही, म्हणून तीस वर्षं त्यांनी व्याकरण आणि निबंध शिकवला, आणि आपला विषय घरी, रविवारी, चपलांच्या खोक्यांत जपला. गल्लीतल्या लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत साधं होतं. मी पहिल्यांदा पत्ता विचारत गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतल्या बाई म्हणाल्या, "ते व्हय, शब्द मोजत्यात ते सर? ते काय, निळं दार. जावा की, हायत घरात. कुठं जात्यात?"

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी गारगोटीहून पुढच्या शिक्षणासाठी आलेली, वसतिगृहात राहणारी, प्रबंधाचा विषय हातात धरून भांबावलेली. एका संदर्भासाठी कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी माझा प्रश्न घोळवून घोळवून मांडला. त्यांनी तो ऐकला न ऐकला केला आणि टेबलावरचं एक जुनं मासिक माझ्यापुढं सरकवलं.

"वाचता येतं न्हवं?"

"हो."

"मग वाचा. मोठ्यानं. आधी डोळ्यांनी चाळायचं न्हाय."

मी वाचू लागले. चौथ्याच ओळीत दम लागला आणि नको तिथं थांबले. सरांनी समोरच्या कार्डावर लाल पेन्सिलीनं एक लहान उभी रेघ मारली. पुढं एका लांबलचक वाक्यात पुरती फसले, मागं आले, पुन्हा सुरुवात केली. दुसरी रेघ. पान संपेपर्यंत कार्ड लाल झालं होतं आणि माझे कानही. मी पुटपुटले, "सर, मला नीट वाचता येत नाही."

"तेच तर. तुमी चांगलं अडखळतासा," सर म्हणाले, आणि इतकं मनापासून म्हणाले की मला हसावं का रडावं कळेना. "सराईत वाचणाऱ्याचा उपेग न्हाय. तो सगळं सपाट करून टाकतो. पुढच्या रविवारी येणार का?"

ही त्यांची पद्धत होती आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाची नव्हती. ते म्हणत, गद्य डोळ्यांना फसवतं, श्वासाला फसवत नाही. लिहिणाऱ्यानं वाक्य लिहिताना जिथं दम घेतलेला असतो, तिथं परक्या माणसाला दम घेता येत नाही. तो आपल्या सवयीनं जातो आणि ठेचकाळतो. त्या ठेचा नोंदवत गेलं की हळूहळू लिहिणाऱ्याची चाल दिसू लागते. म्हणून वाचणारा परका हवा, मजकूर त्यानं आधी पाहिलेला नसावा आणि खुणा करणारा समोर बसलेला असावा. "एकट्याला हे जमत न्हाय," ते म्हणत. "सोताचं अडखळणं सोताला ऐकू येत न्हाय." इतकी वर्षं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पोस्टमनला, एकदा तर मीटर वाचायला आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून पान वाचून घेत आले होते. सगळे एकदाच सापडत. पुन्हा गल्लीतून जाताना लांबून जात.

मी मात्र चार वर्षं गेले. रविवारी सकाळी नवाला मी निळ्या दाराशी असे. मधूनच कधी ते लेखकाच्या नावावर पोस्टकार्ड ठेवून मला अर्धं पान वाचायला लावत आणि डोळे मिटून नाव सांगत. क्वचितच चुकत, आणि चुकले की दिवसभर अस्वस्थ असत. वाचन झालं की आम्ही कधी कधी चालत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात असू. समोर म्हैस पिळली जायची, फेसाळ पेला हातात यायचा, आणि सर पेला तोंडाला लावायचा सोडून गवळ्यांची भांडणं ऐकत उभे राहायचे. आपल्याकडचा माणूस वाक्याचा शेवट आपटतो, ते म्हणायचे, दार लावल्यासारखा. पुण्याचा माणूस दार लोटून घेतो. त्यांचं स्वतःचं बोलणं खेड्यातलं, रोखठोक होतं. लेखणी हातात घेतली की मात्र तेच सर पानभर लांबीची, हळूहळू वळणं घेत जाणारी वाक्यं लिहीत. हा फरक मला तेव्हाही खटकायचा. त्याचं कारण मी पुढं शोधून काढलं, आणि ते शोधलं नसतं तर बरं झालं असतं.

ते एकटे होते. लग्न केलं नव्हतं. एक पुतणी कबनूरला दिलेली, ती दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येई. बाकी वर्षभर त्या घरात दुसरा आवाज म्हणजे माझा, आणि तोही रविवारपुरता. मी निघताना ते दारापर्यंत येत आणि काहीतरी विचारून मला थांबवत. शेंगदाणे नेणार का? गारगोटीची बस कितीची? पाऊस येईलसं वाटतं का? मला वसतिगृहात पोचायची घाई असायची. उभ्या उभ्या उत्तर देऊन मी सटकायची.

मग त्यांचं पुस्तक आलं. आयुष्यातलं एकुलतं एक. मराठी गद्याच्या चालीवरचं, साडेतीनशे पानांचं, कुठल्याशा लहान प्रकाशकानं कसंबसं छापलेलं. मी ते हातात घेतलं आणि आधी काय उघडलं असेल? ऋणनिर्देश. मुद्रकाचे आभार होते. ग्रंथालयातल्या शिपायाचे होते. 'कार्डे ठेवण्यासाठी गेली अनेक वर्षे रिकामी खोकी देणाऱ्या' चप्पल लाइनीतल्या दुकानदाराचे तर नावानिशी होते. माझं नाव नव्हतं. चार वर्षांचे रविवार, घशाला पडलेली कोरड, ती शेकडो पानं, आणि माझं नाव नव्हतं. मी पान पुन्हा पाहिलं, उलटून पाहिलं. सर समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "छान झालंय." आणि वसतिगृहावर जाताना बसस्टॉपवर चक्क रडले.

राग माणसाला उद्योगी करतो. पुढच्या दोन महिन्यांत मी त्या पुस्तकावर परीक्षण लिहिलं आणि बाहेरगावच्या एका छोट्या त्रैमासिकाकडे धाडलं. खाली सही केली, 'एक वाचक'. सर ते वाचणार आणि अर्ध्या पानात लेखक ओळखणार, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्याकडूनच शिकलेली सगळी विद्या पणाला लावली. माझी आवडती क्रियापदं काढली. माझ्या सवयीचे 'तर' आणि 'मात्र' वेचून टाकले. वाक्यं तोडली, जोडली, कधी न वापरलेले जड शब्द आणून बसवले. आपल्याच घरात चोरी करून पाऊलखुणा पुसत जावं तसं मी तीन पानं पुसून काढली. इतक्या चिकाटीनं मी प्रबंधही लिहिला नव्हता.

परीक्षणात खोटं काही नव्हतं. पुस्तकात दोन प्रकरणं खरंच सैल होती, एक निष्कर्ष घाईचा होता. ते मी दाखवलं. आणि शेवटाकडे एक वाक्य लिहिलं, जे लिहिताना मला फार बरं वाटलं होतं: 'लेखकाची वाक्ये अतोनात लांबतात, घरात मध्येच थांबवणारे कोणी नसले की असे होते.'

अंक आला त्या रविवारी मी नेहमीसारखी नवाला गेले. सर दारातच उभे होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलावर बशीत भडंग होतं, वर ताजी कोथिंबीर. मला वाटलं, कुणी पाहुणे येणार असतील.

"पुस्तकावर आलंय," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "कुणीतरी वाचलं बघा. मी अजून पाहिलेलं न्हाय. तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणून ठिवलंय."

त्यांनी अंक माझ्यापुढं ठेवला, पान उघडून. स्वतः खुर्ची ओढून बसले, कोरं कार्ड घेतलं, लाल पेन्सिलीला टोक केलं. मी नाही म्हणू शकले असते. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. मी अंक उचलला आणि माझंच परीक्षण त्यांना वाचून दाखवू लागले.

सैल प्रकरणांचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान हलवली. घाईच्या निष्कर्षाशी "खरं हाय" म्हणाले. मी वाचत होते आणि डोळ्यांच्या कडेनं त्यांचा हात बघत होते. पेन्सिल कार्डावर टेकलेली होती आणि हलत नव्हती. मला वाटलं, माणूस दुखावला, खुणा करायचंही भान राहिलं नाही. मग ते वाक्य आलं. ते मी वाचलं. पुढच्या दोन ओळी वाचून अंक मिटला.

"चांगलं लिवलंय," सर म्हणाले. "भडंग घ्या."

मला राहवेना. मी विचारलं, "कोण असेल, सर?"

त्यांनी पोस्टकार्ड मागितलं नाही, डोळे मिटले नाहीत. "ज्यानं नाव घातलं न्हाय, त्याचं नाव आपण कशाला काढायचं?" एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. सुटले, असं मला वाटलं. बसस्टॉपपर्यंत मी जवळजवळ पळत गेले.

त्यांच्या पुस्तकावर दुसरं परीक्षण आलं नाही. कधीच नाही. लोकांना ते पुस्तक असल्याचंही कळलं नाही. जगात त्याच्याबद्दल जे काही छापून आलं ते म्हणजे माझी तीन पानं. सांगून टाकावं असं प्रत्येक रविवारी वाटायचं, आणि प्रत्येक रविवारी भडंगाची ती बशी आठवायची. मग मी रविवार चुकवू लागले. आधी एक आड एक, मग महिन्यातून एकदा. गारगोटीला नोकरी मिळाली तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला; अंतराचं कारण सांगता येणार होतं. दोनेक वर्षांनी त्यांचं एक कार्ड आलं. पोस्टाचं तिकीट लावलेलं, खोक्यातलंच. 'वाचायला कोणी नाही. सवड झाली तर एखाद्या रविवारी यावे.' ते मी पाठ होईपर्यंत वाचलं आणि उत्तर दिलं नाही. पुढच्या सुट्टीत नक्की जायचं, सगळं बोलायचं, असं ठरवत राहिले. ठरवण्यात सहा वर्षं गेली.

सर गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही चप्पल लाइनीतल्या त्या दुकानदाराकडून. त्यानं कुणाकुणाला विचारत माझा कॉलेजचा फोन मिळवला होता. मी गेले. दुकानाच्या मागच्या अंगाला, नव्या मालाच्या शेजारी, सरांची सगळी खोकी छतापर्यंत रचून ठेवलेली होती.

"पुतणीनं टेंपोत घालून आणली," तो म्हणाला. "सरांनी लिवून ठिवलंतं म्हणं, खोकी दुकानाची हायत, परत द्यायची. आता मी काय करू सांगा ह्या कार्डांचं? रद्दीत घालवंना झालंय. त्यातलं एक तुमचं हाय बघा, नाव घातलंय वर."

देवाच्या तसबिरीखाली फळीवर सरांचं पुस्तक उभं होतं. त्याला माझी नजर तिकडं गेलेली दिसली. त्यानं ते काढून नेमकं ऋणनिर्देशाचं पान उघडलं. ते आपोआपच उघडलं. "ह्यात नाव हाय माझं. मी इचारलंतं सरांस्नी, त्या रविवारी वाचाय येणाऱ्या म्याडमचं कसं न्हाय हो ह्यात? तर माझ्यावरच डाफरलं. म्हणलं, घरच्या माणसाचं आभार मानत्यात व्हय?"

मी माझं खोकं मागून घेतलं. ते छातीशी धरून गारगोटीच्या बसमध्ये बसले, एवढं आठवतं. बाकीची खोकी पुढं एका वाचनालयानं नेली. तिथं ती माळ्यावर आहेत असं ऐकते.

माझं खोकं आठ नंबरचं. आत चार वर्षांचे रविवार क्रमानं लावलेले. प्रत्येक कार्डावर डोक्याला तीन ओळी: मजकूर, लेखक, वाचक. वाचक म्हणून सगळीकडे माझं नाव आणि खाली लाल रेघाच रेघा. खरंच, मी किती अडखळत होते! मग ते कार्ड आलं. मजकूर: पुस्तक-परीक्षण. लेखक: कोरी जागा. वाचक: माझं नाव. आणि खाली एकही लाल रेघ नाही. पांढरंशुभ्र. चार वर्षांत एक पान मला धड वाचता आलं नव्हतं, आणि कधीही न पाहिलेली म्हणून हातात घेतलेली ती तीन पानं मी घडाघडा वाचून गेले होते, जिथं दम घ्यायचा तिथं दम घेत. शब्द बदलले होते मी, वाक्यं बदलली होती. श्वास कुठून बदलणार? ते त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळलं असणार. तरी त्यांनी मला शेवटपर्यंत वाचू दिलं, आणि मग भडंग घ्या म्हणाले.

कार्डाच्या तळाशी निळ्या शाईत दोन नोंदी होत्या. एक त्याच दिवशीची: 'शेवटून तिसऱ्या वाक्याशी वाचकाचा आवाज खाली गेला.' दुसरी वेगळ्या पेनानं, नंतर केव्हातरी लिहिलेली: 'निरीक्षण बरोबर आहे.'

त्यामागं आणखी सात-आठ कार्डं होती, मी जायची बंद झाल्यानंतरची. मजकूर, लेखक, आणि वाचक: स्वतः. त्यांच्यावर काहीच खुणा नव्हत्या.

ते खोकं अजून माझ्या कपाटात आहे. त्याचा कातड्याचा वास केव्हाच उडाला, म्हणून तर गेल्या आठवड्यात नव्या खोक्यानं मला असं जमिनीवर बसवलं. आता मीही निवृत्त झाले आहे, एकटीच राहते, आणि इतकी वर्षं जे तोंडानं सांगितलं नाही ते कागदावर उतरवायला बसले. लिहून झाल्यावर आज सकाळी, रविवार होता, सगळं मोठ्यानं वाचून पाहिलं. कुठं अडखळले ते मला ऐकू आलं नाही. वाक्यं मात्र फार लांबली आहेत, हे कळलं. मध्येच थांबवणारं घरात कुणी नाही.